एकट्याच्या घरखर्चाला पगार किती हवा?

प्रश्न : नोकरीसाठी मी मोठ्या शहरात एकटीच राहायला जाणार आहे. पगाराची बोलणी अजून सुरू आहेत. आरामात राहायला किती पगार लागतो, हे मी अनेकांना विचारले. प्रत्येकाने निराळाच आकडा सांगितला. मी किती पगार मागावा, हे कसे ठरवू?

उत्तर : प्रत्येक जण स्वतःचे घरभाडे मनात धरून आकडा सांगतो, म्हणून तो निराळा येतो. एकाच कचेरीत, एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांपैकी जुन्या भाड्याच्या घरात राहणारा निश्चिंत असतो आणि नुकतेच घर घेतलेल्याला महिनाअखेरीस उसनवारी करावी लागते. म्हणून दुसऱ्यांचे आकडे बाजूला ठेवा आणि स्वतःच्या खर्चापासून पगाराकडे या.

प्रथम टाळता न येणारे खर्च लिहून काढा : भाडे, जेवणखाण, वीज, पाणी, फोन, प्रवास, औषधपाणी, विम्याचा हप्ता आणि जुने कर्ज असल्यास त्याचा हप्ता. घरी नियमित पैसे पाठवायचे असतील, तर तेही येथेच धरा. एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या अमेरिकी मायलेकींनी २००५ साली जो हिशेब लोकप्रिय केला, त्यात हातात येणाऱ्या पगाराचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के हौसेमौजेला आणि २० टक्के बचतीला दिलेले आहेत. हाच हिशेब उलट्या बाजूने केला, तर अटळ खर्चाच्या दुप्पट रक्कम दरमहा हातात पडायला हवी, असे उत्तर मिळते. कर आणि इतर कपातींत पगाराचा पाचवा हिस्सा जात असेल, तर मागायचा पगार अटळ खर्चाच्या अडीचपट होतो. बोलणी करताना पुष्कळ जण नेमणूकपत्रावरचा आकडा आणि हातात येणारा आकडा यांत गफलत करतात. ती तुमच्याकडून होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, हा नियमही तुमच्या कानावर आला असेल. त्याचा उगम अमेरिकेतील सरकारी घरांच्या भाड्यात आहे : तेथील भाडेकरूंसाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि १९८१ साली ती ३० टक्के झाली. एकट्या नोकरदाराला महागड्या शहरात हा नियम पाळणे अनेकदा अशक्य होते. माझ्या मते भाडे आणि प्रवास यांची बेरीज करूनच घराची निवड करावी, कारण दूरचे स्वस्त घर भाड्यात वाचवते तेवढेच प्रवासात घेते आणि रोजचे दोन-तीन तासही घेते.

एकटे राहणे मुळातच महाग असते. राहणीमानाची तुलना करताना अर्थतज्ज्ञ वापरतात त्या एका प्रचलित मापानुसार, एका माणसाला १०० लागत असतील, तर तशाच राहणीसाठी दोघांना मिळून सुमारे १४१ पुरतात, म्हणजे प्रत्येकी साधारण ७१. स्वयंपाकघर, शीतकपाट आणि इंटरनेटची जोडणी एकटीलाही पूर्णच लागते. त्यामुळे जोडीदारासोबत किंवा मैत्रिणीसोबत राहणाऱ्याने सांगितलेला आकडा तुम्हाला अपुरा पडेल. घर वाटून घ्यायची तयारी असेल, तर मात्र कमी पगारातही चांगले भागते.

दुसरा फरक अडीअडचणीचा आहे. दोघे कमावते असले, तर एकाची नोकरी गेली तरी चूल पेटती राहते. तुमच्या घरात तसा आधार नाही. म्हणून निदान सहा महिन्यांचा अटळ खर्च केव्हाही काढता येईल असा ठेवा. पगाराच्या २० टक्के बचत म्हणजे, वरच्या हिशेबाने, अटळ खर्चाच्या ४० टक्के. या गतीने ही शिल्लक साठायला १५ महिने लागतील. तोवर हौसेच्या वाट्यातून थोडे वळते केले, तर हा काळ कमी होईल.

दरवर्षी महागाई ६ टक्क्यांनी वाढली, तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणून पगारवाढीचा नियम काय आहे, हेही आत्ताच विचारा. अनामत रक्कम, दलाली, गादी आणि भांडीकुंडी यांचा पहिल्या महिन्यातील खर्च मासिक हिशेबात मिसळू नका. तो वेगळा काढा आणि रुजू होताना एकरकमी स्थलांतर भत्ता मिळेल का, हे पगाराच्या बोलण्यांतच विचारून घ्या.