वाचकांचे प्रश्न : बँक हॉलिडेची रॅली, विजेविना

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी जोडून इंग्लंडच्या किनाऱ्यावर कॅराव्हॅन क्लबांच्या रॅली, म्हणजे मुक्कामी मेळावे, भरतात. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकावरचं घर, पुढे नुसतं 'व्हॅन'. तिथल्या मराठी वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ एका शेतात शुक्रवार ते सोमवार रॅली आहे, पण हूक-अप (साइटवरची वीजजोडणी) नाही. आमच्याकडे 110 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि 1000 वॉटचा इन्व्हर्टर आहे. फ्रिज, दिवे आणि चटणीपुरता मिक्सर चालेल का? (लेस्टर)

दिवे खुशाल लावा. मिक्सर जेमतेम चालेल. फ्रिज मात्र बॅटरीवर अजिबात नको.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते. म्हणून 110 पैकी 55च आपले समजा. थ्री-वे फ्रिज (घरची वीज, बॅटरी आणि गॅस अशा तिन्हींवर चालणारा) 12 व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर ओढतो, म्हणजे चार-पाच तासांत हे 55 संपले. ती सोय फक्त गाडी चालू असतानाची. शेतात पोचलात की फ्रिज गॅसवर घ्या. दिवसाला पाव किलोहून थोडा जास्त गॅस लागतो, तेव्हा स्वयंपाक धरूनही 6 किलोचा प्रोपेनचा सिलिंडर पुरून उरतो.

गॅसवर लावूनही फ्रिज गार होत नसेल तर आधी त्याच्या तळावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. या फ्रिजमधलं अमोनियाचं द्रावण कॉम्प्रेसरने नाही, उतारावरून आपोआप फिरतं. व्हॅन तीनेक अंशांपेक्षा जास्त कलली की ते अडतं. म्हणून आल्या आल्या आधी आडवी पातळी साधायची : खालच्या बाजूच्या चाकाखाली रॅम्प, मग हँडब्रेक आणि चाकाला अटकाव. त्यानंतर जॉकी व्हील (व्हॅनच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक) फिरवून पुढची-मागची पातळी. कोपऱ्यांचे स्टेडी (आधाराचे पाय) सगळ्यात शेवटी, आणि तेही जमिनीला घट्ट टेकेपर्यंतच. स्टेडीने व्हॅन उचलायला गेलात तर सांगाडा पिळवटतो आणि दार चौकटीत अडकायला लागतं.

आता मिक्सर. 500 वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरमार्फत बॅटरीतून 45-50 अँपिअर खेचतो. दोन मिनिटांचे दीड-पावणेदोन अँपिअर-अवर होतात, ते परवडतात. पण बॅटरी जुनी असेल तर सुरू होतानाच्या झटक्याने व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर किंचाळून बंद होतो. त्यापेक्षा वाटण घरूनच करून गोठवून आणा. पहिले काही तास फ्रिजलाही त्याचा आधार होतो. राइस कुकर आणि इलेक्ट्रिक केटल घरी राहू द्या. शिट्टीचा कुकर गॅसवर उत्तम, फक्त छताची खिडकी उघडी ठेवा आणि जमिनीलगतच्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कापडाने बुजवू नका.

मोटरवेवर आमची व्हॅन शेपटी हलवते. नोज-वेट किती हवं? (स्लाव)

नोज-वेट म्हणजे व्हॅनचं पुढचं टोक गाडीवर टाकतं तो भार. तो भरलेल्या व्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या 5 ते 7 टक्के हवा. व्हॅन 1300 किलो असेल तर 65 ते 91 किलो. मात्र गाडीची आणि हिचची (व्हॅन गाडीला जोडणाऱ्या सांध्याची) मर्यादा पुस्तिकेत पाहा. यातली जी कमी ती खरी. गाडीला 75च चालत असेल तर 65 ते 75मध्ये राहा. मोजायला बाथरूमचा वजनकाटा चालतो : व्हॅन सपाट उभी करा, हिचच्या डोक्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली काटा ठेवा, मग जॉकी व्हील अधांतरी होईपर्यंत वर घ्या.

शेपटी हलण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मागच्या पलंगाखाली कोंबलेली पिठाची पोती आणि ऑनिंग (व्हॅनच्या बाजूला जोडायचा तंबू). जड सामान अ‍ॅक्सलवर, जमिनीलगत ठेवा. पाण्याचा 40 लिटरचा पिंप रिकामाच न्या. भरला की 40 किलो. वेग मोटरवेवर ताशी 60 मैल, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 50, याच्या वर कायद्यानेही नाही. हलायला लागलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक मारू नका.

रॅलीला टॉयलेट ब्लॉक का नसतो? (मिल्टन कीन्स)

कारण ती कायमची साइट नसते. सूट मिळालेल्या क्लबांना 1960च्या कॅराव्हॅन कायद्यानुसार परवान्याशिवाय पाच दिवसांपर्यंत मेळावा भरवता येतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याचं कुरणही पुरतं. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कॅसेट (व्हॅनमधल्या टॉयलेटची काढता येणारी टाकी) रिकामी करायची जागा असते, बाकी आपलं आपण. कॅसेट भरायची वाट न पाहता रोज सकाळी रिकामी करा. दोन व्हॅनमध्ये 6 मीटर अंतर ठेवतात ते आगीसाठी. तिथे ऑनिंगचे दोर पसरून वाट अडवू नये.

समुद्राच्या वाऱ्यात ऑनिंग टिकेल का? (रेडिंग)

टिकेल, पण वारा खालून शिरू देऊ नका. व्हॅनच्या खालची झालर आणि चाकावरचं झाकण आधी लावा. लोक हेच विसरतात आणि मग रात्री छप्पर फुगून खुंट्या उपटतात. ब्रिटनमध्ये वारा बहुधा नैऋत्येचा. मार्शलने (रॅलीत जागा लावून देणाऱ्याने) मुभा दिली तर व्हॅनचं तोंड तिकडे करा, म्हणजे डावीकडचं ऑनिंग थेट माऱ्यात येत नाही. खुंटी साधारण 45 अंशांत, डोकं ऑनिंगपासून लांब झुकलेलं. दोर गच्च हवा, पण कापड चुरगळेल इतका नको.

वाऱ्याचा झोत ताशी 40 मैलांच्या आसपास जाण्याचा अंदाज असेल तर ऑनिंग उजेड असतानाच उतरवा. पाऊस आला म्हणून बार्बेक्यू आत ओढणं तर मुळीच नको. निखारे राख धरले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. ओलं ऑनिंग गुंडाळावं लागलं तर घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तरी पसरून वाळवा. त्याच वेळी हिच आणि जॉकी व्हील गोड्या पाण्याने धुवा, स्टेडींच्या आट्यांना ग्रीस लावा. मात्र हिचमध्ये घर्षण-पॅडचा स्टॅबिलायझर (व्हॅनचं हेलकावणं रोखणारा) असेल तर टो-बॉलला (गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्याला) ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.