ओप्पारी, मारियम्मन आणि "बरं वाटणं"

तुम्ही विचारलंय की तमिळ लोकगाण्यांतून, विधींतून खरंच काही नीती, काही उपचार मिळतो की सगळी नुसती अंधश्रद्धा आहे. मी लग्न होऊन चेन्नईला आले त्याला बरीच वर्षं झाली, जे पाहिलं ते सांगते.

शेजारच्या पाट्टी म्हणजे आजी गेल्या तेव्हा पहिल्यांदा ओप्पारी ऐकली. बायका गोल करून बसतात, एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात आणि गेलेल्या माणसाशी बोलत बोलत गाऊन रडतात. मला वाटलं नुसता शोक असेल, पण त्यांची मधली मुलगी गाता गाता एकेक गाऱ्हाणं काढायला लागली, भावांनी वाटा दिला नाही, नवऱ्याने दारूत सगळं घालवलं, आई तू होतीस तोवर मला विचारणारं कोणी होतं... आणि ते भाऊ, तो नवरा बाहेर मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून सगळं ऐकत होते. एरवी ही बाई त्यांच्यापुढे तोंड उघडायची नाही. पण ओप्पारी म्हणणारीला कोणी गप्प बस म्हणालं नाही, आणि मला तर नीती आणि उपचार दोन्ही तिथेच दिसले.

खाली तिरुनेलवेली, कन्याकुमारीकडे विल्लुपाट्टू असतं, घुंगरं बांधलेलं मोठं धनुष्य काठ्यांनी वाजवत रात्र रात्र कथा गातात, आणि त्यातले कितीतरी देव म्हणजे अकाली, अन्यायाने मेलेली माणसंच आहेत. मुत्तुपट्टन जन्माने ब्राह्मण, त्याने चक्किलियार या दलित जातीतल्या दोन बहिणींशी लग्न केलं, गुरं चोरणाऱ्यांशी लढताना मेला, आणि आज त्याची पूजा होते!

कांजिण्यांना इथे "अम्मै" म्हणतात, घरात आई, म्हणजे मारियम्मन देवी, आली असं मानतात, आपल्याकडे मोठ्या माता आल्या की "देवी आल्या" म्हणायचे ना तसंच. दाराला कडुलिंब, पाहुणे बंद, फोडणी बंद, थंड जेवण, म्हणजे आयसोलेशनच की. आडी या तमिळ महिन्यात (जुलै-ऑगस्टच्या सुमारास) मारियम्मनच्या देवळापुढे नाचणीचं कूळ, म्हणजे आंबील, वाटतात, येईल त्याला मिळतं.

पण मनाच्या आजारावर फक्त देवस्थान नको, प्लीज. 2001 मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीच्या दर्ग्यापाशी मनाच्या आजारातून बरं व्हायला आणलेली 28 माणसं साखळदंडात होती म्हणून आगीतून पळू शकली नाहीत. आमच्या मजल्यावरच्या पोराला कांजिण्या आल्या तेव्हा त्याच्या आईने दाराला कडुलिंब बांधला आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडेही नेलं.