दांडी हातात, क्लच संगणकाकडे

प्रश्न : डाव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे मी क्लचचे पेडल नसलेली, पण गिअर हाताने बदलावे लागणारी ‘आयएमटी’ प्रकारची वापरलेली मोटार घेण्याच्या विचारात आहे. क्लचच नसल्यामुळे क्लचप्लेटचा खर्च कधी येणार नाही, असे विकणारा सांगतो. हे खरे आहे काय? आम्हाला वरचेवर कुंभार्ली घाट चढून कराडला जावे लागते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : विकणाऱ्याचे म्हणणे खरे नाही. या गाडीतून पेडल गेले आहे, क्लच गेलेला नाही. ह्युंदाईने २०२० मध्ये व्हेन्यूच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाला जोडून ही रचना भारतात आणली. तिच्यातही इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीचीच, घर्षणावर चालणारी क्लचप्लेट असते. आपण गिअरची दांडी हलवू लागताच दांडीतील सेन्सर ते ओळखून संगणकाला कळवतो, संगणकाच्या आज्ञेने ॲक्चुएटर, म्हणजे आज्ञेनुसार हालचाल करणारा भाग, द्रवाचा दाब निर्माण करतो आणि एरवी डाव्या पायाने केले असते ते प्लेट सोडवण्याचे काम तो दाब करतो. कल्पना तशी जुनीच आहे. १९५८ च्या होंडा सुपर कब या दुचाकीमध्ये आणि पुढे आपल्याकडच्या हिरो होंडा स्ट्रीटमध्येही क्लचचा लिव्हर नव्हता, गिअर मात्र पायाने बदलावे लागत. जर्मनीच्या एनएसयू आरओ ८० या १९६७ च्या मोटारीत तर दांडीच्या मुठीतच क्लच सोडवणारा स्विच होता, त्यामुळे मुठीवर हात टेकवून बसण्याची सवय तिथे महागात पडे. ती सवय आपल्यालाही असल्यास याही गाडीत मोडावी, हे बरे.

आपल्या गुडघ्याला या गाडीने आराम मिळेल, यात शंका नाही. मात्र घाटाबाबत एक सावधगिरी हवी. पुढे ट्रक अडकला असताना ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरली, तर प्लेट सतत घसरत राहते, तापते आणि झिजते. साध्या गाडीत ही ‘हाफ क्लच’ची ओढ निदान पायाला जाणवते, येथे ती जाणवत नाही आणि बहुधा जळका वास आल्यावरच चूक कळते. म्हणून थांबताना ब्रेक किंवा हँडब्रेक लावावा आणि निघताना पहिलाच गिअर घ्यावा. उतारावर मात्र वेगळे काही शिकावे लागत नाही. गिअर पडलेला असला की इंजिनाचा रोध पूर्वीसारखाच मिळतो.

गाडी घेण्यापूर्वी ती मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेऊन ॲक्सिलरेटर जोरात दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज आणि फेरे चढले, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट घसरू लागली आहे, असे समजावे आणि प्लेट बदलण्याचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. जवळच्या गॅरेजमध्ये या यंत्रणेची संगणकावर जुळवणी करण्याचे साधन आहे का, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.