उंबरठ्यासकट कापा

‘आमचं गाव धरणात गेलं. मग आम्ही आता कुठले म्हणायचं?’ हा प्रश्न समुपदेशनात मला म्हाताऱ्यांपेक्षा त्यांच्या नातवंडांकडून जास्त येतो. आजोबांनी गावही पाहिलं आणि त्याचं जाणंही पाहिलं. नातीच्या वाट्याला फक्त जाणं आलेलं असतं.

अशीच एक कोलाज करणारी, म्हणजे फोटो-कागदांचे तुकडे चिकटवून चित्र घडवणारी चित्रकार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, बऱ्याच बैठकांचं इथे सार आहे.) आजोळ उजनीच्या बुडितात गेलेलं, जन्म पुण्याचा. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की जुन्या पळसदेवचं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि मंडळी गाड्या काढून बघायला जातात. हिलाही माणूस आणि भूभाग यांच्या नात्यावरच काम करायचं होतं. पण भूभाग उत्तम उतरायचा, माणूस ठेवला की चित्र पडायचं.

“मॅडम, माणसं वरून डकवल्यासारखी दिसतात. माझं त्या मातीशी नातंच नाही, म्हणून होत असेल.”

“आणि नातं असायलाच हवं?”

“नाही तर मी उपरीच ना?”

माझं काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर उभं आहे, त्यामुळे इथे माझे कान टवकारले. गाव असावं ही इच्छा. गाव नाही म्हणजे मी कुठलीच नाही, हा हट्ट. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, आणि ते वाटूही द्यावं. हट्ट मात्र माणसाला कामच करू देत नाही. पण हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही, म्हणून अर्धवट कागद आणायला सांगितला.

त्यावर तिची आजी होती. जुन्या फोटोच्या झेरॉक्सवरून कटरने अगदी रेषेवर कापलेली, मागे बॅकवॉटरचं निळं पाणी.

“आजी बसली कशावर आहे?”

“जुन्या घराच्या उंबरठ्यावर.”

“तो कुठे गेला?”

“कापून टाकला. बॅकग्राउंड होतं ते.”

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि ते वाटतं तेवढं सोपं नाही. शेवटी तीच म्हणाली, “म्हणजे गाव होतं माझ्याकडे. चार बोटांचं. मीच कचऱ्यात टाकलं.”

पुढच्या वेळी तिने आजीला उंबरठा, चौकट आणि अंगणाच्या पट्ट्यासकट फाडून आणलं. आणि पहिल्यांदाच स्वतःचा कर्वेनगरातला जिनाही त्याच कागदावर ठेवला. उपरेपणाचा विषय तिथून पुढे फारसा निघाला नाही. रोमेअर बेअर्डन हा अमेरिकी कलावंत लहानपणीच दक्षिणेतलं मेक्लेनबर्ग सोडून न्यूयॉर्कला गेला, तरी त्याच्या कोलाजांत तो मुलूख आणि न्यूयॉर्कमधलं हार्लेम दोन्ही येत राहिले. त्याला एकच निवडावं लागलं नाही.

घरी करून पाहायचं असेल, तर माणूस ‘डकवलेला’ का दिसतो ते आधी समजून घ्या. कारणं भावनिक कमी, तांत्रिक जास्त. कटरची कड फार साफ असते. हाताने फाडा, पांढरी किनार दिसली तर तिथे पेन्सिलीचा करडा हात फिरवा. पाय जमिनीच्या वर ठेवू नका, जमिनीचा एक पातळ तुकडा पावलांवरून चढवा. फोटो उभ्याने, सपाट जागी काढलेला असेल तर क्षितिज उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास येतं. बसलेल्या आजीच्या डोक्यावरून जातं. आणि चित्रात आजीच्या डावीकडे दिसणाऱ्या गालावर ऊन असेल, तर डोंगराच्याही डावीकडच्या अंगावर हवं.

मूळ फोटो कापू नका. ३०० डीपीआयला स्कॅन करून साध्या, बिनचकाकीच्या कागदावर लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई ओल्या गोंदाने बहुधा फुटते. वर्तमानपत्राचं कात्रण थेट लावलं तर काही वर्षांत पिवळं पडतं, कारण त्या लगद्यात लिग्निन असतं. त्याचीही प्रतच घ्या. तळाला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद. फेव्हिकॉल दोन भाग, पाणी एक भाग, पातळ हात. कागद ओला झाला की फुगतो, म्हणून मधून कडेकडे दाबत जा, नाहीतर फुगे राहतात. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर. तळाचा कागद तरीही वाकलाच, तर मागच्या बाजूला तितकाच कागद लावा. दोन्हीकडचा ताण सारखा होतो. आणि चिकटवायची घाई नको. तुकडे दोन-चार दिवस नुसते मांडून ठेवा, जाता-येता हलवा. खरा उपयोग त्या हलवण्यातच आहे.

घरातल्या मोठ्यांना सोबत घेणार असाल, तर ‘गाव गेलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?’ असं विचारू नका. ‘बरंच काही वाटलं’ म्हणून गप्प बसतील. ‘पाणवठ्याची वाट कुठून होती? पार घराच्या कुठल्या अंगाला?’ असं विचारा, कागदावर बोट ठेवायला लावा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या; थकले, की थांबा. मात्र त्यानंतर झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेलं दिसलं, तर कोलाज बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.