क्रूझच्या बंदरांवर जहाजाची टूर न घेता आपलं आपण स्वस्तात फिरता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. लातूरहून तुम्ही चौघं जायलात, तुम्ही, मिस्टर, सातवीतला मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, सिंगापूरहून जहाज धरून पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर, आणि जहाजाच्या टूरचे रेट बघून घाम फुटलाय. आपलं आपण फिरलं तर चालतं का, आणि सासूबाईंना फुकेतला खाली उतरवावं का, असं विचारलंय.

चालतं. कोणी अडवत नाही, बंदरात जहाज लागलं की कार्ड दाखवून खाली उतरायचं आणि वेळेत परत यायचं एवढंच. आम्ही नांदेडचे, म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन हाच रूट केलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी रेटचं. जहाजाची टूर माणशी असते आणि टॅक्सी गाडीशी असते, सगळा फरक इथंच पडतो. माणशी साठ डॉलर जरी धरले तरी चौघांचे २४० होतात, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वरच गेले की, आणि ते एका बंदराचे. तीच टॅक्सी केली तर भाडं चौघांत वाटलं जातं. एकटा माणूस असता तर मी म्हणलो असतो की लांबच्या ठिकाणी गुमान जहाजाची बस धरा, पण चौघांना ते परवडत नाही.

पण सगळ्याच बंदरावर एकच नियम लावू नका. मी तर म्हणतो गावाचं नाव बघूच नका, जहाज नेमकं कुठं लागतंय ते बघा. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "क्वालालंपूर" लिहितात आणि जहाज लागतं पोर्ट क्लांगला, म्हणजे तुळजापूरला उतरवतो म्हणून सोलापूर स्टेशनात सोडल्यासारखं, तिथून पुढं पन्नासेक किलोमीटर आहेच. बँकॉकच्या क्रूझचं पण तसंच, जहाज लाएम चाबांगला आणि शहर दोन तास लांब. रोमचं बंदर चिवितावेक्किया, ते तर सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. म्हणून बुकिंगच्या कागदावर टर्मिनलचं नाव शोधा, मॅपवर टाका, आणि तिथून शहराच्या मधोमध किती वेळ लागतो ते बघा. पायी असेल तर टूर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तासाच्या आत असेल तर आपली आपण टॅक्सी. दीड-दोन तास लागत असतील आणि बंदरात वेळ कमी असेल तर मात्र जहाजाच्या टूरचा विचार करा, कारण जहाजाचीच बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी ट्रॅफिकमधे अडकली तर थांबत नाही.

आता तुमच्या रूटवर बोलू.

पेनांग हे आपल्यासारख्यांसाठी सोन्यासारखं बंदर आहे. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि तो पिअर जॉर्ज टाउनमधेच आहे, गेटच्या बाहेर पडलं की समोर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, आणि त्याच्या बाजूलाच फोर्ट कॉर्नवॉलिस. हा तोच कॉर्नवॉलिस बरं का, कायमधारा पद्धतीवाला, पोराला दाखवा, इतिहासाच्या पुस्तकातला माणूस इतक्या लांब निघाला म्हणून त्याला मजा वाटेल. गेटवर टॅक्सीवाले घेरतात, सिटी टूर सिटी टूर करत, त्यांना हात जोडायचे आणि सरळ चालायला लागायचं. हे जुनं शहर २००८ साली युनेस्कोच्या यादीत आलंय, मलाक्काच्या सोबत, आणि बघायचं जे काय आहे ते पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत आहे. एकाच रस्त्याच्या आसपास इंग्रजांचं सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचं क्वान यिनचं देऊळ, आपलं महामरिअम्मन मंदिर (१८३३ चं आहे) आणि कपितान केलिंग मशीद, हे सगळं बघायला तिकीट नाही काही नाही. लिटल इंडियात केळीच्या पानावर भात-सांबार मिळतो, सासूबाई बाहेरचं खात नसतील तरी तिथं जेवतील. पुढं आर्मेनियन स्ट्रीटला भिंतीवरची चित्रं आहेत, ते सायकलवरच्या दोन लेकरांचं चित्र तुम्ही मोबाईलवर कुठंतरी बघितलं असेलच, तिथं फोटोला लाईन असते.

एक मात्र आहे, तिथले फुटपाथ म्हणजे दुकानांपुढच्या पडव्या, आणि दर दुकानाला पायरी वर पायरी खाली, गुडघेवाल्या माणसाला ते जड जातं. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे जुन्या शहरात फिरणारी फुकट बस आहे, कॅट म्हणतात तिला, वेल्ड कीच्या बसस्टँडवरून सुटते आणि स्टँड पिअरपासून जवळच. दुसरं म्हणजे फुलं लावलेल्या तीनचाकी सायकलरिक्षा, ट्रायशॉ, पण त्या बसायच्या आधी तासाचा भाव ठरवून घ्या, आणि भाव गाडीचा का माणसाचा तेपण आधीच विचारा.

वेळ उरला तर पेनांग हिल आणि केक लोक सीचं देऊळ, दोन्ही एर इतामकडं, शहरापासून आठ-नऊ किलोमीटर. २०४ नंबरची बस जाते, दोन-तीन रिंगिटमधे (मलेशियाचं चलन) काम होतं, पण ड्रायव्हर सुट्टे देत नाही, नोटा सुट्ट्याच ठेवा. हिलवर चढायला १९२३ पासूनची रेल्वे आहे (डबे आताचे नवीन आहेत), परदेशी माणसाला तिकीट वेगळं आणि महाग, आणि सुट्टीच्या दिवशी लाईन लई मोठी असते. मी तर म्हणेन जहाज दुपारनंतर लागणार असेल तर हिलचा नाद सोडा आणि जॉर्ज टाउनच नीट बघा.

पोर्ट क्लांगला काय करायचं हे जरा विचार करण्यासारखं आहे. बंदरात आठ तासांच्या वर मिळत असतील तरच क्वालालंपूरला जा. ग्रॅबची गाडी (आपल्या ओला-उबरसारखं अ‍ॅप) सगळ्यात सोपी, जाताना-येताना ट्रॅफिकचे दोन तास तरी बाजूला धरा, येताना संध्याकाळचा टाईम आला तर त्याहून जास्त. लोकल ट्रेन पण आहे, पोर्ट क्लांग स्टेशनवरून केएल सेंट्रलला, म्हणजे क्वालालंपूरच्या मोठ्या स्टेशनला, स्वस्त आहे पण तासाच्या वर घेते आणि स्टेशन काही टर्मिनलला लागून नाही, तिथपर्यंत गाडी करावीच लागते. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हजला, म्हणजे मुरुगनच्या (आपल्या कार्तिकेयाच्या) गुहेतल्या देवळाला जाणार असाल तर सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, वर गुहेत जायला २७२ पायऱ्या आहेत. पण मुरुगनची ती सोनेरी मूर्ती ४२ मीटरच्या वर उंच आहे, ती खालूनच दिसते, आणि खाली पण देवळं आहेत, त्यांना सावलीत बसवून तुम्ही वर जाऊन येऊ शकता. माकडं आहेत, पिशवी सांभाळा. आणि वेळ कमी असेल तर क्वालालंपूरचा हट्ट नका करू, क्लांग गावातच एक लिटल इंडिया आहे, तिथं जेवून, फिरून आरामात परत येता येतं. क्वालालंपूरच्या त्या पेट्रोनास जुळ्या टॉवरचा फोटो राहिला तर राहिला.

फुकेतची गोष्ट वेगळी. मोठी जहाजं बऱ्याचदा पाटाँगच्या समुद्रात लांब नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, याला टेंडर म्हणतात. ज्यांनी जहाजाची टूर घेतलीय त्यांचा नंबर आधी लागतो, बाकीच्यांना टोकन घेऊन बसावं लागतं. म्हणून एकतर भल्या पहाटे टोकन घ्या नाहीतर गर्दी उतरेपर्यंत निवांत नाष्टा करा, मधल्या टायमाला गेलात की नुसतं ताटकळणं. किनाऱ्यावर टुकटुक आणि टॅक्सीवाले भाव सांगतात ते ऐकून परत जहाजात जावं वाटतं, थोडं आत रस्त्याला चालत जाऊन ग्रॅब किंवा बोल्ट (तसलंच दुसरं अ‍ॅप) वर भाव बघा, फरक दिसतोच. फुकेत टाउन म्हणजे जुनं गाव, रंगीत घरांचं, पाटाँगहून पंधराएक किलोमीटर, तिकडं लोकल बस पण जाते पण ती संध्याकाळी लवकर बंद होते, परतीला तिच्या भरवशावर राहू नका. वाट चालोंगचं देऊळ पण तेवढ्याच अंतरावर. फी फी बेटाचं मात्र स्वतःच्या जीवावर ठरवू नका, स्पीडबोटी फुकेतच्या दुसऱ्या बाजूच्या धक्क्यावरून सुटतात, पूर्ण दिवस जातो, आणि समुद्र खवळला की बोट कधी येईल ते तिच्या कॅप्टनलाच माहीत. जायचंच असेल तर जहाजाचीच टूर घ्या, त्या पैशाला माझी ना नाही. मुलाला पाण्यात खेळायचं असेल तर पाटाँगचा बीचच आहे की, काही पैसे लागत नाहीत.

आता सगळीकडं लागू होणाऱ्या गोष्टी सांगतो, आणि यातली घड्याळाची सगळ्यात महत्त्वाची. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे, थायलंड एक तास मागं. काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत, पण तुमचा मोबाईल किनाऱ्याचं नेटवर्क पकडलं की आपोआप बदलतो. म्हणजे मोबाईलवर चार आणि जहाजावर पाच असं होऊ शकतं. त्यामुळं मिस्टरांच्या हातात साधं काट्याचं घड्याळ घाला आणि ते जहाजाच्या टायमावर लावा, त्याला कोणी हात लावायचा नाही. रोज रात्री केबिनमधे किंवा अ‍ॅपवर उद्याचं पत्रक येतं त्यात परत चढायची शेवटची वेळ असते, ती सुटायच्या अर्धा-एक तास आधीची असते, आणि टेंडर असेल तर शेवटच्या बोटीची वेळ. त्याच्याही एक तास आधी बंदरावर पोचायचं असं धरून उलटं गणित करा, म्हणजे किती वाजता शहर सोडायचं ते आपोआप निघतं. त्याच पत्रकात पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या माणसाचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, जहाज सुटलंच तर पहिला फोन त्याला. मग पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला.

ग्रॅब अ‍ॅप लातुरात असतानाच टाकून रजिस्टर करून घ्या. तिकडं गेल्यावर भारतातल्या नंबरवर ओटीपी यायची वाट बघत रस्त्यावर उभं राहण्यात अर्थ नाही. तिन्ही देशात एकच अ‍ॅप चालतं आणि रोख पैसे पण देता येतात. ऑफलाईन मॅप पण घरूनच डाऊनलोड करा. समुद्रात असताना मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं सॅटेलाईट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून टूर स्वस्त वाटायला लागते. पैसे जहाजावर बदलू नका, सिंगापूरला मुस्तफा (लिटल इंडियातलं मोठं दुकान) च्या आसपास मनी चेंजर भरपूर आहेत, थोडे रिंगिट आणि थोडे बात (थायलंडचं चलन) तिथूनच घ्या, छोट्या नोटा मागून.

बाहेरच्या कोणाकडं टूर बुक करणार असाल तर फुकटात कॅन्सल होणारीच करा. हवा खराब झाली तर जहाज एखादं बंदर सोडून देतं, जहाजाच्या टूरचे पैसे तेव्हा परत येतात, बाहेरच्याकडं आगाऊ भरलेले येतीलच असं नाही.

कागदपत्रात सिंगापूरचा व्हिसा नीट बघा, जहाजानं बाहेर जाऊन परत आलात म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश झाला, तो मल्टिपल एंट्रीचाच पाहिजे. मलेशियाला डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा लागत नाही पण ती सवलत मुदतवाढीवर चाललीय, थायलंडचे नियम तर बदलतच असतात, दोन्हीचं निघायच्या आधी एकदा तपासा आणि ऑनलाईन फॉर्म कोणते भरायचे ते क्रूझवाल्यांनाच विचारा. आणि घरात कोणी तंबाखूची पुडी बाळगणारं असेल तर ती लातुरातच ठेवायला लावा, सिंगापुरात खायची तंबाखू न्यायला बंदी आहे. धपाटे, फळं असलं काही जहाजातून खाली न्यायचं नाही, बिस्किटाचे सीलबंद पुडे चालतात.

सासूबाईंचं. फुकेतला टेंडर असेल तर नका उतरवू असं माझं मत आहे. जहाजातून बोटीत पाय टाकताना बोट खालीवर होत असते, खलाशी दोन्हीकडून हात धरतात तरी गुडघ्याला तो झटका बसतोच, आणि समुद्र जास्त हलत असला तर व्हीलचेअर खाली सोडतच नाहीत. त्या दिवशी जहाज जवळजवळ रिकामं असतं, त्यांना वर निवांत बसू द्या, तुम्ही अर्ध्या दिवसात आटोपून या. पण जहाज फुकेतच्याच आओ माखामच्या धक्क्याला लागणार असेल, पावसाळ्यात कधीकधी तिकडं लावतात, तर शिडीवरून सरळ खाली उतरता येतं, मग गाडी करून चालोंगच्या देवळाला त्यांना नक्की न्या.