नॅनो-चांदी (जंतू मारणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) लावलेले मोजे धुतल्यावर ती चांदी शेवटी कुठे जाते?
सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून गेल्यास त्यातील बहुतेक चांदी नदीत न जाता गाळात अडकते, आणि तीही धातूच्या मूळ रूपात नव्हे, तर सिल्व्हर सल्फाइड (चांदी आणि गंधक यांचे संयुग) होऊन. स्वित्झर्लंडमधील एआवाग या जलसंशोधन संस्थेने प्रायोगिक केंद्रात नॅनो-चांदी सोडून २०११ मध्ये हेच दाखवले: ऑक्सिजनविरहित टाकीतील गंधकाशी कणांचा संयोग होतो, आणि सिल्व्हर सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने जंतूंना मारणारे चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) फारच थोडे सुटतात. म्हणून खरा प्रश्न पाण्याचा कमी, गाळाचा अधिक आहे. तो खत म्हणून शेतात पसरला तर चांदी मातीत साठत जाते, जाळला तर राखेत उरते. अर्थात, सांडपाणी प्रक्रियेविना थेट नाल्यात सोडले जाते तिथे हे उत्तर लागू पडत नाही.