हिंट किती दिल्यात, आधी ते बघा

नांदेड, एम.एस्सी. गणित: लॅटिसवरची (बिंदूंच्या नियमित जाळीवरची) नवनवी गृहीतकं, म्हणजे सुटणार नाहीत असं धरून ज्यांवर कूटलेखन उभं करतात ते प्रश्न, येतच असतात. पारखायची कशी?

हल्लेखोराच्या हातात जास्तीचं काय दिलंय, ते आधी बघा. एसआयएस या लॅटिसच्या मूळ, साध्या प्रश्नात फक्त मॅट्रिक्स मिळतो; त्याने गुणल्यावर (मोड्युलो क्यू, म्हणजे क्यूने भागून उरणारी बाकी धरून) शून्य देणारा, पण स्वतः शून्य नसलेला छोटा व्हेक्टर शोधायचा. हे सर्रास सुटलं तर लॅटिसचे अवघडातले अवघड प्रश्नही अंदाजे सुटतात, हे आयताई यांनी 1996 मध्ये दाखवलं. नव्या गृहीतकांत मॅट्रिक्ससोबत काही तयार उत्तरंही (हिंट) देतात, आणि मेख तिथंच आहे. एकाच लक्ष्याची (मॅट्रिक्सने गुणल्यावर जे यायला हवं त्याची) दोन वेगळी छोटी उत्तरं असतील तर वजाबाकी करा. लक्ष्य उडतं, शून्य देणारा छोटा व्हेक्टर उरतो, एसआयएस सुटलं! इतकी ढोबळ चूक सहसा कुणी करत नाही म्हणा. पण वेगवेगळ्या लक्ष्यांच्या हिंटही मिसळता येतात. ‘नॉलेज के-आर-आयएसआयएस’ या अशाच हिंटवाल्या गृहीतकाचा दावा होता की उत्तर देणाऱ्याला ते कसं जुळवलं हे ठाऊक असणारच. वी आणि वू यांनी 2023 मध्ये, ते ठाऊक नसतानाही उत्तर काढता येतं हे दाखवलं.

लातूर, अभियांत्रिकी: आमच्या गृहीतकावर 60 मितीत एलएलएल (लॅटिसमधले छोटे व्हेक्टर शोधणारा अल्गोरिदम) चालवलं, तुटलं नाही. पुरेसं आहे?

नाही. पानाड्याचा नारळ उभा राहिला म्हणून कुणी मोटार विकत घेत नाही. एलएलएल 1982 चं; बीकेझेड आणि सीव्हिंग हे त्याहून ताकदवान अल्गोरिदम लावा. 60 मितीतला सर्वांत छोटा व्हेक्टर लॅपटॉपवरही सापडतो, त्यामुळे लहान मितीत ते तुटायलाच हवं. अंदाजापेक्षा लवकर तुटतंय का, एवढंच तपासा.

बीड, प्राध्यापक: दहा वर्षं टिकलेलं गृहीतक पक्कं समजावं का?

नुसत्या वयाला किंमत नाही. एसआयडीएच ही किल्ली ठरवायची पद्धत (लॅटिसवरची नव्हे, एलिप्टिक वक्रांवरची) 2011 ची. त्यावर उभं असलेलं साइक हे कूटलेखन 2022 मध्ये एका कोअरवर तासाभरात फुटलं. तेही कानी यांच्या 1997 च्या प्रमेयाच्या जोरावर! तिथंही घात केला तो सोबत दिलेल्या जादा बिंदूंनी.

परभणी, बँक कर्मचारी: 2024 मध्ये लॅटिस तुटल्याची बातमी होती. आता एमएल-केईएम (लॅटिसवर आधारलेली, गुप्त किल्ली ठरवायची पद्धत) कशाला?

यिलेई चेन यांचा तो दावा एप्रिलचा. साधारण आठवडाभरात त्यांच्या अल्गोरिदमच्या नवव्या पायरीतली चूक सापडली, त्यांनी ती मान्यही केली. ऑगस्टमध्ये एमएल-केईएम एफआयपीएस 203 या अमेरिकी सरकारी मानकाच्या रूपात प्रमाणित झालं. ते मॉड्यूल-एलडब्ल्यूई या लॅटिसवरच्या, हिंट न देणाऱ्या गृहीतकावर उभं आहे. वरच्या हिंटवाल्या गृहीतकांशी त्याचा संबंध नाही. विक्रेता स्वतःचंच नवं गृहीतक पुढे करत असेल, तर मात्र सरळ नकार द्या.